तिसऱ्या दाराचा धडा

विद्वत्ता आणि विनय ही दोन्ही एकाच घरी नांदतातच असे नाही. त्यांची फारकत किती सहज होऊ शकते, याचे एक उदाहरण १९९० च्या अखेरीस अमेरिकेत पाहावयास मिळाले. वाद राजकारणाचा नव्हता, धर्माचा नव्हता, पैशाचाही नव्हता. तीन बंद दारे, एक मोटार आणि दोन बकऱ्या एवढेच त्याचे भांडवल होते. तरीही त्या वादापायी सुमारे १०,००० पत्रे लिहिली गेली, त्यांपैकी जवळजवळ १,००० पत्रांखाली डॉक्टरेट मिळवलेल्या मंडळींच्या सह्या होत्या, आणि पत्रलेखकांतील बहुसंख्यांनी मोठ्या आत्मविश्वासाने चुकीची बाजू घेतली होती. ते कोडे गणिताच्या जगात केव्हाच निकालात निघाले आहे. त्याच्या उत्तराविषयी आता शंका उरलेली नाही. मात्र त्या उत्तरामागे विचाराची जी शिस्त आहे ती गणिताच्या वर्गाबाहेर अजून फारशी रुजलेली नाही. आणि तिची खरी गरज तर वर्गाबाहेरच आहे.

'परेड' ही तेव्हा अमेरिकेतील शेकडो वृत्तपत्रांबरोबर रविवारी घरोघर जाणारी पुरवणी होती. तीत मॅरिलिन व्हॉस सॅव्हंट या बाई वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे सदर चालवीत. सर्वाधिक बुद्ध्यंकाची व्यक्ती म्हणून गिनेसच्या विक्रमग्रंथात त्यांचे नाव आलेले होते. ९ सप्टेंबर १९९० च्या अंकात एका वाचकाचा प्रश्न त्यांनी घेतला. दूरचित्रवाणीवरील एका खेळात तीन बंद दारे आहेत. एका दारामागे मोटार आणि उरलेल्या दोहोंमागे बकऱ्या आहेत. खेळाडू एक दार निवडतो, समजा, पहिले. कोणत्या दारामागे काय आहे हे सूत्रधाराला ठाऊक आहे. तो उरलेल्या दोन दारांपैकी एक, समजा तिसरे, उघडतो आणि त्यामागची बकरी दाखवतो. मग तो विचारतो, 'पहिलेच दार कायम ठेवायचे, की दुसरे घ्यायचे?' निवड बदलण्यात खेळाडूचा काही फायदा आहे काय?

सॅव्हंटबाईंनी उत्तर दिले, 'आहे.' पहिल्या दारावर ठाम राहिल्यास मोटार मिळण्याची संभाव्यता एक तृतीयांश आणि दार बदलल्यास दोन तृतीयांश, असे त्यांनी सांगितले. त्यावर पत्रांचा भडिमार सुरू झाला. दोन दारे उरली असताना प्रत्येकाची संभाव्यता निम्मी हे शाळकरी मुलालाही कळते, मग निवड बदलण्यात फायदा कसला, असा बहुतेकांचा मुद्दा होता. देशात गणिताचे अज्ञान आधीच पुष्कळ आहे, त्यात भर घालू नका, असे कोणी सुनावले. स्त्रिया गणिताकडे वेगळ्या दृष्टीने पाहत असाव्यात, अशी मल्लिनाथी करण्यापर्यंतही एकाची मजल गेली. बाईंनी आलेल्या पत्रांची मोजदाद प्रसिद्ध केली. सर्वसामान्य वाचकांच्या पत्रांपैकी ९२ टक्के आणि विद्यापीठांतून आलेल्या पत्रांपैकी ६५ टक्के त्यांच्या विरोधात होती. बहुमताने प्रश्न सुटत असते तर हा प्रश्न तिथेच मिटला असता. पण संभाव्यतेला मतदानाचा हक्क मान्य नाही.

बाईंचे उत्तर बरोबर होते. ते पटवून घेण्यास उच्च गणित लागत नाही, केवळ धीराने मोजण्याची तयारी लागते. हाच खेळ ३०० वेळा खेळला असे मानावे. खेळाडू दर वेळी पहिले दार निवडतो. मोटार सरासरीने १०० वेळा त्याच्या दारामागे असेल आणि २०० वेळा उरलेल्या दोहोंपैकी एकामागे असेल. पहिल्या १०० खेळांत जो ठाम राहील तो जिंकेल आणि बदल करील तो हरेल. उरलेल्या २०० खेळांत मात्र सूत्रधाराला निवडीला वावच नाही. एका दारामागे मोटार आहे, ते त्याला उघडता येत नाही. म्हणून तो दुसरे उघडतो. अशा प्रत्येक वेळी जे दार तो शिल्लक ठेवतो त्यामागेच मोटार असते. म्हणजे बदल करणारा ३०० पैकी २०० वेळा जिंकतो आणि ठाम राहणारा १०० वेळा. हिशेब एवढाच आहे.

तरीही मन अडून बसते. दोन दारे समोर दिसतात आणि दोन म्हटले की निम्मे-निम्मे हा हिशेब मन आपोआप करते. तीन दारांच्या जागी ५२ पत्त्यांचा जोड घेतला तर हा अडसर थोडा सैल होतो. एकाने जोडातून एक पत्ता न पाहता काढून पालथा ठेवला. तो इस्पिकचा एक्का असावा, अशी त्याची इच्छा आहे. समोरच्याने उरलेले ५१ पत्ते हातात घेतले, नीट पाहिले आणि त्यांतील ५० पत्ते एकामागून एक उताणे टाकले. त्यांत इस्पिकचा एक्का कोठेच नव्हता. शेवटी त्याच्या हाती एक पत्ता पालथा उरला. आता एक्का पहिल्या पत्त्यात असण्याची आणि या राखून ठेवलेल्या पत्त्यात असण्याची शक्यता सारखीच आहे, असे कोणता खेळणारा म्हणेल? ज्याने ५१ पत्ते चाळून नेमका एकच लपवला, त्याने तो का लपवला हे उघड आहे. ५२ पैकी ५१ वेळा एक्का तिथेच असणार.

आता याच दृश्यात थोडा बदल करावा. पत्ते कोणी चाळले नाहीत. वाऱ्याची झुळूक आली आणि ५१ पैकी ५० पत्ते योगायोगाने उताणे झाले. त्यांत एक्का निघाला नाही. डोळ्यांसमोरचे दृश्य तेच आहे: ५० उताणे, दोन पालथे. पण या वेळी दोन्ही पालथ्या पत्त्यांची संभाव्यता खरोखरच निम्मी-निम्मी आहे, कारण वाऱ्याला कोणताही पत्ता राखावयाचा नव्हता. तीन दारांचेही तसेच आहे. सूत्रधार अजाणता कोणतेही दार उघडत असेल, तर ३०० पैकी सुमारे १०० खेळांत मोटारच उघडी पडेल आणि ते खेळ बाद होतील. उरलेल्या २०० खेळांत बकरी दिसेल. पण त्यांपैकी १०० वेळा मोटार पहिल्या दारामागे आणि १०० वेळा दुसऱ्या दारामागे असेल. तेथे बदल करण्यात फायदा नाही, तोटाही नाही.

या कोड्याचे मर्म येथे आहे. बकरी दिसली ही वस्तुस्थिती दोन्ही प्रसंगी एकच. तिचा अर्थ मात्र निराळा. फरक पडतो तो ती कोणी दाखवली, काय ठाऊक असताना दाखवली आणि कोणत्या नियमाने दाखवली यामुळे. जो पुरावा समोर आला त्याच्याइतकाच तो समोर येण्याचा मार्ग महत्त्वाचा असतो. हीच गोष्ट प्रश्नाच्या रूपाने अशी मांडता येईल: 'वस्तुस्थिती याच्या उलट असती, तर हेच दृश्य दिसले असते काय?' मोटार पहिल्या दारामागे असेल तर सूत्रधार दुसरे किंवा तिसरे यांपैकी कोणतेही दार उघडू शकतो. म्हणजे तिसरे उघडण्याची शक्यता निम्मी. मोटार दुसऱ्या दारामागे असेल तर त्याला तिसरेच उघडावे लागते. तिसरे दार उघडले जाणे हे दुसऱ्या पर्यायात दुपटीने संभवनीय आहे, म्हणून पारडे दुसऱ्या दाराकडे दुपटीने झुकते. पहिल्या दाराची संभाव्यता वाढत नाही, कारण त्यामागे काही असो वा नसो, सूत्रधार एक बकरी दाखवणारच होता.

विचाराची ही पद्धत नवी नाही. टॉमस बेझ या इंग्लिश धर्मोपदेशकाचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ साली प्रसिद्ध झाला, त्यात तिचे बीज आहे. फ्रेंच गणिती जोसेफ बर्त्राँ याने १८८९ साली तीन पेट्या आणि सोन्यारुप्याची नाणी घेऊन याच जातीचे कोडे घातले होते. मार्टिन गार्डनर यांनी १९५९ साली 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये तीन कैद्यांचे कोडे मांडले, त्याचाही गाभा हाच. मोटारीचे कोडे कॅलिफोर्निया विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ स्टीव्ह सेल्विन यांनी १९७५ साली 'अमेरिकन स्टॅटिस्टिशियन' या नियतकालिकाला पाठवलेल्या पत्रात मांडले. तेव्हाही आक्षेपाची पत्रे आली आणि सेल्विन यांना त्याच वर्षी दुसरे पत्र लिहून अधिक काटेकोर सिद्धता द्यावी लागली. 'लेट्स मेक अ डील' हा खेळ १९६३ पासून चालवणारे माँटी हॉल यांचे नाव त्यांनी या कोड्याला दिले, तेच पुढे रूढ झाले.

स्वतः माँटी हॉल यांना गणिती वाद नवा होता, पण माणसाचे मन त्यांना चांगले ठाऊक होते. सेल्विन यांना त्यांनी पत्र लिहिले आणि एक खोके रिकामे निघाले तरी पहिल्या खोक्याची शक्यता तीनांत एकच राहते, हे मान्य केले. आपल्या खेळात खोके बदलण्याची मुभा नसते, हेही त्यांनी बजावले. १९९१ च्या जुलै महिन्यात 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या वार्ताहराशी बोलताना त्यांनी याच्याही पुढचा मुद्दा स्पष्ट केला. सूत्रधाराने दार उघडून बदलाची संधी दिलीच पाहिजे असा नियम असेल तर बदलावे. पण संधी द्यावी की न द्यावी हे त्याच्या मर्जीवर असेल तर सावध असावे. खेळाडूने मोटारीचे दार निवडले असेल तेव्हाच जो सूत्रधार बदलाचा आग्रह धरतो, त्याच्यापुढे दोन तृतीयांशाचे गणित घेऊन जाणारा दर वेळी बकरी घेऊनच घरी येईल. सूत्र पाठ असणे पुरेसे नाही. ते कोणत्या अटींवर उभे आहे हे पाहावे लागते. सॅव्हंटबाईंच्या प्रश्नात ही अट पुरेशी स्पष्ट शब्दांत नव्हती, असा आक्षेप पुढे घेतला गेला आणि त्यात तथ्य आहे. पण ज्या पत्रांनी त्यांची हेटाळणी केली त्यांचा आक्षेप हा नव्हता. त्यांनी खेळ बाईंप्रमाणेच समजून घेतला होता आणि तरीही उत्तर चुकवले होते.

एवढे साधे गणित इतक्यांना का पटू नये? मोजण्यातील आळस हे एक कारण. पण दुसरे कारण स्वभावात आहे. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, ही शिकवण लहानपणापासून मिळालेली असते. दार बदलले आणि मोटार पहिल्याच दारामागे निघाली, तर स्वतःच्या हाताने लक्ष्मी घालवल्याची टोचणी लागते. न बदलता हरले तर नशिबाला बोल लावता येतो. या टोचणीच्या भीतीने माणूस पहिल्या निवडीला चिकटून राहतो. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात २२८ जणांना हे कोडे घातले, तेव्हा अवघ्या १३ टक्क्यांनी दार बदलले. दोन्ही दारे खरोखरच सारखी वाटत असती तर निम्म्या लोकांनी तरी बदलावयास हवे होते. १३ टक्के हा आकडा गणिताच्या अज्ञानाइतकाच एकदा घेतलेल्या निर्णयाच्या मोहाचाही द्योतक आहे.

याच्या उलट कबुतरांची गोष्ट आहे. २०१० साली अमेरिकेतील दोघा संशोधकांनी कबुतरांपुढे हाच खेळ मांडला; मोटारीच्या जागी दाणे होते. महिनाभराच्या सरावात कबुतरे जवळजवळ प्रत्येक वेळी बदल करू लागली. त्याच खेळात विद्यार्थ्यांना कबुतरांची बरोबरी साधता आली नाही. कबुतर बुद्धिमान आहे म्हणून हे घडले नाही. त्याला पूर्वी धरलेला सिद्धांत राखावयाचा नव्हता. दाणे कोठे अधिक वेळा मिळतात एवढेच ते पाहत होते. सिद्धांताचे ओझे किती जड असू शकते हे पॉल एर्डॉश यांच्या उदाहरणावरून कळते. सुमारे दीड हजार शोधनिबंध नावावर असलेल्या या थोर गणितज्ञालाही हे उत्तर प्रथम मान्य झाले नाही. त्यांचे मित्र अँड्र्यू वाझोनी यांनी संगणकावर तो खेळ पुनःपुन्हा खेळून दाखवला, तेव्हा कोठे ते राजी झाले. संभाव्यतेच्या शास्त्रात ज्यांनी मोलाची भर घातली त्यांचाही प्रथमदर्शनी अंदाज चुकू शकतो. मग इतरांनी आपल्या अंदाजावर किती विसंबावे?

हा सारा प्रकार मोटार आणि बकऱ्यांपुरता असता तर त्यावर एवढा खल करण्याचे कारण नव्हते. पण हीच चूक न्यायालयात झाली की माणसाच्या आयुष्याची किंमत मोजावी लागते. इंग्लंडमधील सॅली क्लार्क या वकील बाईंची दोन तान्ही मुले १९९६ आणि १९९८ साली दगावली. त्यांच्यावर खुनाचा खटला चालला. अशा कुटुंबात दोन अर्भकांचा आकस्मिक नैसर्गिक मृत्यू होण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक आहे, असे एका नामांकित बालरोगतज्ज्ञाने न्यायालयात सांगितले आणि १९९९ साली बाईंना जन्मठेप झाली. एका मृत्यूच्या संभाव्यतेला तिनेच गुणून हा आकडा काढलेला होता. एकाच घरातील दोन मृत्यूंमागे समान कारण असू शकते, हे त्यात गृहीत धरलेले नव्हते. त्याहून मोठी चूक दुसरी होती. नैसर्गिक मृत्यूंची जोडी दुर्मीळ, हे सांगितले गेले. पण आईने दोन्ही मुलांचा खून करणे हेही किती दुर्मीळ, हे कोणी विचारले नाही. दोन दारांपैकी एकाचीच संभाव्यता मोजली गेली. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ साली या आकडेमोडीविरुद्ध जाहीर निवेदन काढले. वैद्यकीय तपासणीतील महत्त्वाचे निष्कर्ष दडून राहिल्याचे पुढे आले आणि २००३ साली अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केली; त्या आकड्यावरही न्यायालयाने ताशेरे ओढले. चार वर्षांनी, २००७ साली, सॅली क्लार्क वारल्या.

न्यायालये दूरची वाटत असतील तर महाराष्ट्रातील कोणत्याही शहराच्या चौकात उभे राहावे. दहावी-बारावीचे आणि प्रवेशपरीक्षांचे निकाल लागले की खासगी शिकवणीवर्गांचे फलक झळकू लागतात. त्यांवर गुणवंतांची छायाचित्रे असतात आणि प्रत्येकाच्या खाली गुणांचा आकडा असतो. पालक ती पाहतात आणि शुल्क भरतात. येथे दार उघडणाऱ्याला कोणत्या दारामागे काय आहे हे पुरते ठाऊक असते. त्या वर्गात एकूण किती मुले बसली, किती जण मधूनच सोडून गेले, प्रवेश देतानाच किती हुशार मुले निवडून घेतली, हे आकडे फलकावर नसतात. तेव्हा पालकाने तोच प्रश्न विचारावा: 'हा वर्ग अगदी सामान्य असता, तरीही असाच फलक लागला असता काय?' हजारो विद्यार्थ्यांचा वर्ग सामान्य असला तरी त्यात १०-२० गुणवंत सापडणारच. म्हणजे फलक दोन्ही परिस्थितींत सारखाच दिसला असता. जो पुरावा दोन्ही परिस्थितींत सारखाच दिसतो, त्याचे वजन शून्य असते. मग त्यावरील छायाचित्रे कितीही मोठी असोत.

सार्वजनिक जीवनातही हीच कसोटी लावता येते. एखाद्या योजनेचे यश सांगताना एका गावाची कहाणी पुढे केली जाते. ती खोटी असते असे नाही. परंतु योजना फसली असती तरी असे एखादे गाव मिळालेच असते. विरोधकही अपयशाचे एखादे गाव दाखवतात. योजना सफल झाली असती तरी तेही मिळाले असते. समभागांचे अचूक भाकीत केल्याचा दावा करणारा सल्लागार आपली फळलेली भाकिते सांगतो, फसलेली सांगत नाही. या प्रत्येक ठिकाणी एक दार उघडलेले असते आणि त्यामागचे दृश्य खरे असते. म्हणूनच फसगत होते. असत्याला पकडता येते. निवडून दाखवलेल्या सत्याला पकडण्यासाठी दाखवणाऱ्याची निवड तपासावी लागते. त्यासाठी संशयखोर होण्याची गरज नाही. सरसकट अविश्वास हाही विचाराचा आळसच होय, कारण त्यालाही काही मोजावे लागत नाही. बकरी दाखवणारा सूत्रधार खोटे बोलत नव्हता. त्याच्या कृतीतून खरी माहिती मिळत होती आणि ती ओळखणारा जिंकत होता.

फासे कोणाच्या हाती आहेत हे पाहण्याचे महत्त्व या देशाला नवे नाही. महाभारतातील द्यूतसभेत पण दुर्योधनाचा आणि फासे शकुनीचे होते. एकाच्या वतीने दुसऱ्याने खेळणे न्याय्य नाही, असे युधिष्ठिराने बोलूनही दाखवले. आणि तरीही तो खेळत राहिला. त्याच महाभारतातील नलोपाख्यानात याचा प्रतिध्वनी आहे. ऋतुपर्ण राजा झाडाकडे पाहून त्याची पाने आणि फळे यांचा अंदाज सांगतो, नल ती मोजून पडताळून पाहतो आणि मग राजा त्याला फाशांची विद्या, म्हणजे अक्षहृदय, देतो. एका कथेत शंका असूनही माणूस थांबला नाही आणि सर्वस्व गमावून बसला. दुसरीत माणसाने थांबून मोजले आणि गमावलेले परत मिळवले. दोन कथांतील हे अंतर ध्यानात घेण्याजोगे आहे.

महाराष्ट्रात संख्याशास्त्राच्या अध्ययनाची परंपरा मोठी आहे. तेव्हाच्या पुणे विद्यापीठात १९५३ साली या विषयाचा विभाग उभा राहिला आणि वसंत शंकर हुजूरबाजार यांच्यासारखा जागतिक कीर्तीचा अभ्यासक त्याला लाभला. दहावीच्या गणितात संभाव्यतेचे प्रकरणही आहे. पण नाणी, फासे आणि पत्ते यांवरील ठरावीक उदाहरणे सोडवून विद्यार्थी पुढे जातो. अनुकूल घटनांना एकूण घटनांनी भागावे, हे सूत्र त्याला पाठ असते. सर्व शक्यता समान आहेत हे गृहीत धरले तरच ते लागू पडते, ही अट त्याच्या मनावर ठसत नाही. सॅव्हंटबाईंच्या टीकाकारांचे नेमके हेच झाले होते. दोन दारे म्हणजे दोन समान शक्यता, हे त्यांनी न तपासता गृहीत धरले.

या वादाचा शेवटही शाळेच्या वर्गांतच झाला. पत्रांना उत्तरे देऊन थकलेल्या बाईंनी शिक्षकांना आवाहन केले की हा खेळ मुलांकडून प्रत्यक्ष खेळवून घ्यावा. अनेक शाळांतील मुलांनी पेले आणि नाणी घेऊन शेकडो वेळा तो खेळला आणि निकाल कळवले. बदल करणारे दुपटीने जिंकत होते. जे प्राध्यापकांना तर्काने दिसले नाही ते मुलांना मोजून दिसले. तीन वाट्या आणि एक चिंचोका एवढ्या साहित्यावर हा प्रयोग जिल्हा परिषदेच्या कोणत्याही शाळेत अर्ध्या तासात होऊ शकतो. पाठ्यपुस्तकातील ५० उदाहरणांनी जे साधणार नाही ते त्या अर्ध्या तासात साधेल. स्वतःचा ठाम अंदाज स्वतःच्याच नोंदवहीने खोडून काढलेला मुलाला पाहावयास मिळेल, आणि तो अनुभव गणिताच्या तासापुरता राहणार नाही.

या साऱ्या प्रकरणात एक गोष्ट मनाला उभारी देणारी आहे. बाईंना कडक शब्दांत सुनावणाऱ्यांत एका विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक होते. चूक उमगताच त्यांनी बाईंना दुसरे पत्र लिहून क्षमा मागितली. आणि आपल्यावर टीका करणाऱ्या प्रत्येकाला स्वतः उत्तर देण्याचे प्रायश्चित्त त्यांनी घेतले. पहिले दार चुकीचे आहे हे कळल्यावर दुसऱ्या दाराकडे जाणारा माणूस कमी प्रतीचा ठरत नाही. मत बदलणाऱ्याला सार्वजनिक जीवनात चंचल म्हणून हिणवले जाते आणि चुकीला चिकटून राहणाऱ्याला करारी म्हणून गौरवले जाते, हा उलटा न्याय आहे. ते प्राध्यापक पहिल्या पत्रात उत्तर चुकले होते. दुसऱ्या पत्रात ते चुकले नाहीत. त्या वादात जिंकणाऱ्यांच्या यादीत त्यांचेही नाव असले पाहिजे.